पाटी माझ्या हातात, पाहुणी मोईजची

मोईज नावाच्या माणसाचा मला जितका हेवा वाटला, तितका आयुष्यात कुणाचाच वाटला नाही. जावेच्या पाटल्यांचा नाही, आणि वकील झालेल्या माझ्या दोन्ही भावांचाही नाही. आमच्या मराठी मंडळाच्या दिवाळी अंकासाठी ‘नोकरीतल्या आठवणी लिहा’ असा निरोप आला, तेव्हा डोळ्यांपुढे पहिला तोच आला आणि मी जरा चिडलेच. नोकरी माझी, आठवणी माझ्या, आणि पहिल्या ओळीत येऊन बसला हा.

नोकरी काय होती ते आधी सांगते. बंजारा हिल्सवरच्या एका मोठ्या हॉटेलची मी विमानतळावरची प्रतिनिधी. विमानतळातून बाहेर येताना कठड्यापलीकडे नावांच्या पाट्या घेऊन माणसं उभी असतात ना, त्यांतली एक मी. आमचं घराणं सुलतान बाजारातलं. आजोबा निजामाच्या महसूल खात्यात, वडील वकील, भाऊ वकील. ‘बहीण काय करते’ असं कुणी विचारलं की थोरला भाऊ म्हणायचा, ‘हॉटेल मॅनेजमेंटमध्ये आहे.’ धाकटा घरात म्हणायचा, ‘पुष्पी पाटी घेऊन उभी राहते.’ दोन्ही खरंच होतं.

मी लागले तेव्हा विमानतळ बेगमपेठेत होता. दाराबाहेर पाऊल टाकलं की शहरच. पाहुणा गाडीत बसून पाण्याची बाटली उघडेपर्यंत हॉटेलचं फाटक यायचं, त्यामुळे आमचं काम हसून नमस्कार करण्यापुरतं. मग विमानतळ शमशाबादला गेला आणि आमचा धंदा पालटला. आता पाहुण्याबरोबर गाडीत बसून शहरापर्यंत यायचं. आमच्या मोठ्या साहेबांनी सगळ्यांना बोलावून बजावलं होतं की पाहुणा हॉटेलात पोचण्याआधीच त्याचं हैदराबादबद्दलचं मत ठरतं, आणि ते ठरवणारे तुम्ही.

बाहेरच्या माणसाला वाटतं, पाटी धरण्यात काय आहे. पाटी छातीशी धरली की नाव दिसत नाही, डोक्यावर धरली की मोर्चा वाटतो. ती हनुवटीखाली धरायची, आणि पाटीमागून आपण बाहेर येणाऱ्यांचे डोळे बघायचे. ज्याला न्यायला कुणी येणार आहे तो दारातून निघताच थबकतो आणि डावीकडून उजवीकडे वाचत जातो. ज्याचं कुणी येणार नाही तो खाली मोबाइलकडे बघत सरळ चालू लागतो. सगळ्यात वाईट तो, ज्याचं कुणी यायला हवं होतं आणि आलेलं नाही. तो सगळ्या पाट्या दोनदा वाचतो. असा माणूस दिसला की माझा हात उगाच पाटी खाली घ्यायचा.

मोईज आमच्याच टेकडीवरच्या, रस्त्यापलीकडच्या हॉटेलचा. किडकिडीत, केसांना मेंदी, अंगावरचा हॉटेलचा कोट एका मापाने मोठा. इंग्रजी माझ्यापेक्षा निम्मं, तेही दख्खनी चालीवर. राहायला मलकपेठेत. आधी त्याच हॉटेलात ड्रायव्हर होता, मग पाटीवर आला. त्याची पाटी बहुतेक वेळा उलटी नाहीतर काखेत असायची. पाहुणे त्याला पाटीवरून ओळखतच नसत. दारातून निघतानाच त्याला शोधत यायचे, दुरून हात हलवायचे, आणि एक गोरे म्हातारे तर त्याला मिठी मारायचे. माझे पाहुणे मला ‘थँक यू’ म्हणत. साडी नीट, इंग्रजी शुद्ध, गाडी वेळेवर, आणि मिठ्या त्याला.

एकदा मला ‘मिस्टर रेड्डी’ अशी पाटी दिली होती. हैदराबादच्या विमानतळावर रेड्डी या नावाची पाटी धरणं म्हणजे पुण्यात जोशी अशी हाक मारणं. एक भारदस्त गृहस्थ आले, ‘हो, मीच’ म्हणाले आणि बसले. वाटेत शहर किती बदललं यावर छान बोलले. हॉटेलात आल्यावर कळलं, हे गृहस्थ रेड्डी खरे, पण आमचे नव्हेत. त्यांच्या जावयाने गाडी पाठवलेली, तिचा ड्रायव्हर तिकडे घाम पुसत फिरतोय. मी घाईघाईने विमानतळावर फोन लावला. आमचे रेड्डी कुठे होते? मोईजबरोबर चहा पीत बसले होते. त्याने त्यांना सगळ्या पाट्या दोनदा वाचताना पाहिलं, विचारपूस केली, आणि स्वतःच्या हॉटेलच्या गाडीत, स्वतःच्या पाहुण्याशेजारी बसवून आमच्या दारात आणून सोडलं. आमच्या साहेबांनी सगळ्यांदेखत त्याच्याशी हात मिळवला. मला काही बोलले नाहीत. बोलले असते तर बरं वाटलं असतं.

दुसरी गोष्ट पावसाची. त्या दुपारी आरामघरच्या अलीकडे रस्त्यावर पाणी भरलं आणि गाड्या जागच्या जागी थांबल्या. माझ्या गाडीत दोन पाहुणे होते. मी काचा बंद ठेवल्या, एसी चालू ठेवला, पाणी दिलं, दर थोड्या वेळाने परिस्थितीची माहिती दिली. नियमात लिहिलेलं सगळं केलं. पुढे तीन-चार गाड्या सोडून मोईजची गाडी होती. बघते तर तो आपल्या पाहुण्यांना पँट वर दुमडायला लावून रस्त्याकडेच्या शादीखान्यात घेऊन निघालाय. आत कुणाची तरी शादी चालू होती. त्याच्या पाहुण्यांनी तिथे बिर्याणी खाल्ली, नवऱ्या मुलाबरोबर फोटो काढले. नंतर कित्येक वर्षं ते पाहुणे मोईजला त्या शादीची आठवण काढून भेटकार्ड पाठवायचे. माझे पाहुणे कोरडे राहिले आणि गाडी उशिरा पोचल्याची तक्रार लिहून गेले.

असा हा मोईज. तरी माझी एक पाहुणी अशी होती की तिच्याबाबतीत मी निश्चिंत होते. इंदुताई वैद्य.

इंदुताई दर हिवाळ्यात कॅनडाहून यायच्या. जन्म, शिक्षण सगळं हैदराबादचं. लग्नानंतर गेल्या त्या तिकडच्याच झाल्या. यजमान वारले, मुलगा त्याच्या संसारात. इथे रक्ताचं कुणी उरलेलं नव्हतं, म्हणून हॉटेलात उतरायच्या. पहिल्या वर्षी त्यांनी पाटी वाचली, माझ्याकडे पाहिलं आणि एकदम मराठीत म्हणाल्या, “तू आपल्यातली दिसतेस.” तेव्हापासून त्या माझ्या. त्यांचं विमान कधी आहे हे हॉटेलला कळण्याआधी मला कळायचं. सुट्टी त्या तारखा सोडून घ्यायची. घरून बिनसाखरेचा आल्याचा चहा थर्मासमधून न्यायचा. त्यांची पाठ दुखरी, म्हणून ड्रायव्हरला सांगून ठेवलेलं, खांबांवरून येणारा तो लांब सरळ उड्डाणपूल घ्यायचा, एकही गचका बसता कामा नये. खाली सगळं जुनं शहर राहायचं आणि आम्ही वरून अलगद मेहदीपट्टणमला उतरायचो. त्या चहा घेत, काचेबाहेर बघत असायच्या. ‘बरं वाटतंय ना?’ विचारलं की ‘छान’ म्हणायच्या. आम्ही बोलायचो ते सुलतान बाजाराबद्दल, माझ्या वडिलांबद्दल, गणेशोत्सवातल्या व्याख्यानांबद्दल. एकदा मोईजने विचारलं, “मॅडम, तुमारी अम्मा आए क्या?” मी मानेने हो म्हटलं. इतका अभिमान मला कधी वाटला नव्हता.

एका वर्षी माझ्या मुलीचं बाळंतपण नेमकं त्याच दिवसांत आलं. मी नागपूरला गेले. जाताना हॉटेलात चारदा सांगून गेले. परत आले तोवर इंदुताई गेलेल्या होत्या. सगळं व्यवस्थित झालं, असं फ्रंट ऑफिसने सांगितलं.

पुढच्या हिवाळ्यात त्यांचं नाव आलंच नाही. वाटलं, या वर्षी तब्येतीमुळे जमलं नसेल. एका सकाळी मी कुणा औषध कंपनीच्या साहेबांची पाटी घेऊन उभी होते, आणि दारातून इंदुताई आल्या. माझा चेहरा उजळला असणार, कारण त्या थेट माझ्याकडे आल्या. माझा हात हातात घेतला, मुलीचं कसं आहे विचारलं, नातू की नात विचारलं. मग म्हणाल्या, “या वेळी मी तिकडे उतरतेय हं.” मी वळून पाहिलं. मोईजने पाटी चक्क सरळ धरली होती. तिच्यावर ‘वैद्य’.

त्या त्याच्याबरोबर गेल्या. जाताना त्याला काहीतरी म्हणाल्या आणि दोघं हसले. माझ्याबरोबर त्या गाडीपर्यंत जाताना कधी हसल्याचं मला आठवेना. औषध कंपनीचे साहेब माझ्यासमोर उभे राहून स्वतःचं नाव सांगत होते आणि मला ते नाव पाटीवर वाचावं लागलं.

दुसऱ्या दिवशी मोईजला गाठलं. त्याने लपवलं नाही. मी नागपूरला होते तेव्हा आमच्या गाडीचा काहीतरी घोळ झाला होता. इंदुताई कठड्यापाशी बाकावर एकट्या बसलेल्या त्याला दिसल्या. त्याने आपल्या गाडीतून आमच्या हॉटेलात आणून सोडलं. “क्या करना मॅडम,” तो म्हणाला, “उनो खुद बोले, अगले बार तुमारे हॉटेल में आतूँ बोलके.” तो आणखी काही सांगणार होता, मी ऐकून घेतलं नाही. थर्मासचा चहा मी करायचा, गचके मी चुकवायचे, आणि एका दिवसाच्या बदल्यात याने माझी म्हातारी पळवली. घरी येऊन मी हे यजमानांना सांगितलं. ते रेल्वेच्या कचेरीत होते, तारनाक्याला आम्ही राहतो. ते म्हणाले, “अगं, ती हॉटेलची गिऱ्हाईक आहे.” त्या दिवशी मी त्यांना जेवायला वाढलं, पण बोलले नाही.

त्यानंतर थोड्याच महिन्यांत मोईजने नोकरी सोडून स्वतःची टॅक्सी घेतली. मी मनात म्हटलं, बरं झालं. आता इंदुताई परत येतील. हिवाळा आला. आमच्या हॉटेलात नाव नाही. पलीकडच्या हॉटेलात ओळखीच्या मुलीला विचारलं, तिथेही नाही. मग एका संध्याकाळी फोन वाजला. इंदुताईंचा आवाज. आल्याला आठवडा झाला म्हणे. कुठे उतरलात, मी विचारलं.

“मलकपेठेत. मोईजच्या घरी. रविवारी येतेस का?”

न जाण्याचं मी दोन दिवस ठरवलं आणि रविवारी गेले. मोईजचं घर रेसकोर्सच्या मागच्या गल्लीत, तळमजल्यावर, दोन खोल्या आणि समोर फरशीचं अंगण. अंगणात बाजेवर इंदुताई बसल्या होत्या. अंगात घरातला सैल झगा, केस मोकळे, आणि मोईजची बायको रेहाना मागे उभी राहून त्यांच्या डोक्याला तेल लावत होती. हॉटेलच्या लॉबीत इस्त्रीच्या साडीत बसणाऱ्या इंदुताई मला ठाऊक होत्या. या बाई मला ठाऊक नव्हत्या. त्या गल्लीतल्या कुठल्याशा बकरीवरून रेहानाशी दख्खनीत वाद घालत होत्या, आणि त्यात दोन शिव्याही होत्या.

चहा झाला, उस्मानिया बिस्किटं झाली. रेहाना आत गेली तेव्हा मी विचारलंच. आमच्याकडे काय कमी पडलं?

इंदुताईंनी केस एका बाजूला घेतले. त्यांनी सांगितलं ते असं. त्यांच्या वडिलांनी बिऱ्हाड सुलतान बाजारात हलवलं ते नंतर. त्यांचं लहानपण याच मलकपेठेत गेलं होतं, दोन गल्ल्या सोडून. सकाळी रेसकोर्सचे घोडे फिरायला निघायचे आणि त्या मोठ्या भावाबरोबर त्यांच्यामागे धावायच्या. तो भाऊ लहानपणीच गेला. घरात मग कुणी मलकपेठेचं नावच काढत नसे. इतकी वर्षं हैदराबादला येऊन त्या मलकपेठेत एकदाही आल्या नव्हत्या. त्या दिवशी मोईजने गाडीत बसताना विचारलं, “कौनसे रस्ते से चलना अम्मा?” आणि त्यांच्या तोंडून आपोआप निघून गेलं, मलकपेठ. चांद्रायणगुट्टा, सैदाबाद करत, गचके खात ते इथे आले. त्याने या गल्लीच्या तोंडाशी गाडी उभी केली, बायकोला हाक मारून पाणी आणवलं, आणि त्या गाडीत बसून पोटभर रडल्या.

“मला का नाही सांगितलंत?” मी म्हणाले. “मी आणलं असतं तुम्हाला.”

“तू इतकी काळजी घ्यायचीस पुष्पा, की मधे बोलायला भीती वाटायची,” त्या म्हणाल्या. “चहा गार होईल, पाठ दुखेल. तू मला सांभाळून पोचवत होतीस. मला पोचायची घाई नव्हती गं.”

मला राग यायला हवा होता की रडू, ते ठरेना. आलं ते वेगळंच. मी म्हणाले, “पुढच्या वर्षी तारनाक्याला माझ्या घरी उतरा.” हॉटेलात असताना पाहुण्याला घरी बोलवायला सक्त मनाई; पण माझी निवृत्ती आता तोंडावर होती, आणि नसती तरी मी ते बोलले असते.

रेहाना दारातच उभी होती. “नै,” ती शांतपणे म्हणाली, “अम्मा हमारे कने इच्च उतरते.”

मी तिला सांगितलं, माझ्याकडे त्यांच्यासाठी वेगळी खोली आहे, पाठीला बरा असा पलंग आहे, इमारतीला लिफ्ट आहे.

“हमारे कने सीढ़ी च नै,” रेहाना म्हणाली. “लिफ्ट कैकू होना?”

मी बिनसाखरेच्या चहाबद्दल काही म्हणाले, तर इंदुताईंच्या समोरच्या कपाकडे बोट दाखवून रेहानाने सांगितलं की अम्मा आता दोन चमचे घेतात. आम्ही दोघी बराच वेळ अशा भांडत होतो, आवाज न चढवता, एकमेकींना बिस्किटं पुढे करत. मोईज मोरीपाशी टॅक्सीच्या चटया धूत होता. त्याने एकदाही वर पाहिलं नाही. इंदुताई मात्र एकदा हिच्याकडे, एकदा माझ्याकडे बघत होत्या. इतक्या खुशीत मी त्यांना कधी पाहिलं नव्हतं. शेवटी त्यांनीच निकाल दिला. उतरायचं मलकपेठेत. मग काही दिवस तारनाक्याला. “आणि विमानतळावर?” मी विचारलं. त्या म्हणाल्या, ज्याला यायचं त्याने यावं.

मी निवृत्त झाले. आता कठड्याशी पाट्या कमी दिसतात. पाहुणे विमानातून उतरतानाच मोबाइलवर गाडी मागवतात, गाडीचा नंबर शोधत खांबांमधून फिरतात, आणि न बोलता शहरात शिरतात. आमच्या हॉटेलने माझ्या जागी कुणी घेतलं नाही. वाईट वाटतं. इतकी वर्षं मी हजारो माणसांना शहरात आणलं, आणि त्यांतल्या किती जणांना कुठून जायचंय ते विचारलं, याचा हिशेब मी करत नाही. करायला बसले की मोईजच जिंकतो.

गेल्या हिवाळ्यात मी पहिल्यांदाच पाटी न घेता विमानतळावर गेले. हात इतके रिकामे वाटत होते की मी शेवटी ते शालीत गुंडाळले. मोईज आधीच आला होता, मोगऱ्याचा गजरा घेऊन. माझ्याकडे गजरा नव्हता. हे मला सुचायला हवं होतं, असं वाटून मी मनात धुमसत त्याच्याशेजारी उभी राहिले. आम्ही एकमेकांच्या मुलांची चौकशी केली. दोघांचेही डोळे दाराकडे.

इंदुताई आल्या. या वेळी बऱ्याच वाकलेल्या, पाय जपून टाकत होत्या. मोईजने पुढे होऊन ट्रॉली घेतली, गजरा दिला. त्यांनी तो हुंगून बघितला, केसांत माळला, त्याच्या डोक्यावरून हात फिरवला. मी बघत राहिले. मग त्या माझ्याकडे वळल्या, खांद्यावरची पर्स काढली आणि माझ्या खांद्याला अडकवून दिली.

आमच्या धंद्यातल्या माणसाला याचा अर्थ सांगावा लागत नाही. लांबून आलेला माणूस बॅगा कुणाच्याही हाती देतो. पण पासपोर्ट, औषधं, घराच्या किल्ल्या ज्या पर्समध्ये असतात ती तो कुणालाच देत नाही. इतक्या वर्षांत मला कुणी दिली नव्हती. मोईजलाही नव्हती. मी त्याच्याकडे पाहिलं. त्याने पाहिलं होतं.

दोन पावलं चालून तो ट्रॉली थांबवत म्हणाला, “मॅडम, पर्स वज़नी होंगी. लाओ, मैं पकड़तूँ.”

पर्स चांगलीच जड होती, पट्टा खांद्यात रुतत होता.

“नक्को,” मी म्हणाले, “हलकी आहे.”